अपेंडिक्स: भोके लहान झाली, पण लक्ष कोणी ठेवायचे?



पित्ताशयाच्या खड्यांवर मी लिहिले, त्यानंतर जे फोन आले त्यांतले निम्मे अपेंडिक्सबद्दलच होते. प्रश्न एकच: दुर्बिणीने काढलेले बरे की पोट चिरून? विचारणाऱ्यांचे दोन तट. एक म्हणतो, "सिस्टर, चिरूनच बरे. डॉक्टर डोळ्यांनी बघतो, हात घालून सगळे साफ करतो." दुसरा म्हणतो, "हल्ली काय, तीन भोके पाडतात आणि दुसऱ्या दिवशी घरी. त्यात घाबरायचे काय?" माझ्या मते दोघांचेही अर्धेच बरोबर आहे, आणि जो अर्धा भाग सुटतो तोच आपल्या वयाच्या माणसांना महागात पडतो.

मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि पुढे इथे इस्रायलमध्ये निवृत्त होईपर्यंत सर्जरीच्याच वॉर्डात होते. त्यामुळे दोन्ही काळ मी जवळून पाहिले आहेत. आमच्या त्या वेळच्या वॉर्डात अपेंडिक्सचा रोगी म्हणजे आठवड्याचा पाहुणा. उजव्या बाजूला खाली चीर, काळ्या दोऱ्याचे टाके, सातव्या-आठव्या दिवशी टाके काढायचे आणि मग घरी. तेवढ्या दिवसांत बऱ्याच जणांचे टाके पिकत. हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जखमेच्या कडा लाल होतात, गरम लागतात, ठणका लागतो, आणि एक दिवस ड्रेसिंग उघडले की पू दिसतो. मग एक-दोन टाके सोडायचे, पू वाहू द्यायचा, रोज जखम धुऊन पट्टी बदलायची. वास येई, रोगी वैतागे, पण माणूस सहसा त्यातून उठे.

टाके का पिकत, ते समजून घेण्यासारखे आहे. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याला लटकलेली करंगळीएवढी बंद नळी. तिचे तोंड बंद झाले की आत जंतू माजतात, नळी सुजते आणि वेळ गेला तर फुटते. पोट चिरून काढताना ही जंतूंनी भरलेली नळी त्या चिरेतूनच बाहेर ओढावी लागते. वाटेत कातडीखालची चरबी लागते. चरबीला रक्तपुरवठा कमी, म्हणून जंतूंशी लढायची तिची ताकदही कमी. पोट जितके सुटलेले, तितका धोका जास्त. त्यात मधुमेह असला तर विचारायलाच नको, आणि आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी लहान भोके पाडतात. पोटात वायू भरून जागा करतात, एका भोकातून कॅमेरा घालतात आणि पडद्यावर बघत काम करतात. काढलेले अपेंडिक्स बहुतेक वेळा आतच एका छोट्या पिशवीत घालून, ती पिशवी भोकातून बाहेर काढतात. म्हणजे घाण कातडीला आणि चरबीला लागतच नाही. टाके पिकणे कमी झाले त्यामागे हे मोठे कारण आहे.

ही पद्धत पहिल्यांदा 1980 साली जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम या डॉक्टरांनी वापरली. ते सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सर्जन मंडळी त्यांच्यावर इतकी चिडली की त्यांना काम बंद करायला लावा, अशी मागणी झाली. आज तीच पद्धत जगभर पहिली पसंती आहे. 2015 साली आणीबाणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या जागतिक संघटनेची परिषद आपल्या येरुशलायीममध्ये भरली होती. तिथे अपेंडिक्सवरच्या उपचारांचे जे नियम ठरले, ते जगात 'जेरुसलेम गाइडलाइन्स' याच नावाने ओळखले जातात. त्यांचेही म्हणणे हेच: साधने आणि अनुभवी हात असतील तर दुर्बिणीने करा, म्हाताऱ्या माणसांचेही.

तर मग पहिला तट हरला? एवढ्यात नाही.

कोक्रेन नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून तपासते. 2018 साली तिने मोठ्या माणसांवर झालेल्या 75 चाचण्या, म्हणजे 8,520 रोगी, एकत्र मांडले. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर जखमेत पू होण्याची शक्यता चिरून केलेल्या ऑपरेशनच्या निम्म्याहूनही कमी निघाली. दवाखान्यातला मुक्कामही सुमारे एका दिवसाने कमी. पण पोटाच्या आत पूचे गळू होण्याची शक्यता मात्र सुमारे दीडपट निघाली. हे वाक्य पुष्कळ लोकांच्या कानावर पडतच नाही. कातडीवरचा पू कमी झाला, आतला थोडा वाढला.

घाबरून जाऊ नका. आतले गळू मुळात थोड्याच लोकांना होते, आणि मुख्यतः ज्यांचे अपेंडिक्स ऑपरेशनआधीच फुटलेले असते त्यांना. थोड्याचे दीडपट म्हणजेही थोडेच. शिवाय अलीकडच्या चाचण्यांत हा फरक कमी होत गेलेला दिसतो, कारण सर्जनांचा हात बसला आहे. असे का होते याबद्दल डॉक्टरांचेही एकमत नाही. कोणी म्हणते, फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोट भरपूर पाण्याने धुतात, तेव्हा घाण एका कोपऱ्यातून सगळीकडे पसरते. जेरुसलेमच्या नियमांतही असेच आहे की फुटलेल्या अपेंडिक्समध्ये नुसते शोषून काढण्यापेक्षा धुण्याचा जास्त फायदा दिसलेला नाही. "हात घालून सगळे साफ करतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणखी एक गोष्ट. अपेंडिक्स हा मुख्यतः तरुणांचा आजार, त्यामुळे या चाचण्यांतली बहुतेक माणसे आपल्या वयाची नव्हती. आकडे आपल्याला दिशा दाखवतात, तंतोतंत लागू पडतातच असे नाही.

आता मला जे खरे म्हणायचे आहे त्याकडे येते.

टाके पिकणे साधारण चौथ्या दिवसापासून दिसू लागते. आतले गळू बहुधा आठवड्याच्या सुमाराला, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढते. जुन्या काळी या दोन्ही वेळी रोगी आमच्या डोळ्यांसमोर खाटेवर असे. ताप मोजायला नर्स, पोट दाबून बघायला डॉक्टर, आणि राउंडला येणारे मोठे सर्जन. आज साधे अपेंडिक्स असेल तर रोगी एक-दोन दिवसांत घरी. म्हणजे त्रास सुरू होण्याचे दिवस आता घरी जातात. दवाखान्याची खाट मोकळी झाली, पण खाटेशेजारी उभे राहून जे लक्ष आम्ही ठेवत होतो, ते काम कोणाकडे गेले? तुमच्याकडे. तुमच्या बायकोकडे, नवऱ्याकडे, कामावर जाणाऱ्या मुलीकडे. आणि एकटे राहत असाल तर कोणाकडेच नाही. दुर्बीण चांगलीच आहे. माझी तक्रार आहे ती एवढीच, की ही जबाबदारी आपल्यावर टाकली जाते आणि कशी सांभाळायची ते आपल्या भाषेत कोणी सांगत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचे उदाहरण त्यांच्या मुलीच्या परवानगीने देते. वय 77, मधुमेह, एकेकाळी मुंबईत गिरणीत होते. अपेंडिक्स फुटलेले होते, दुर्बिणीने काढले, ऑपरेशन उत्तम झाले. पाचव्या दिवशी घरी आले. भोके सुकलेली, एक थेंब पू नाही. सगळे म्हणाले, कमाल आहे. सातव्या दिवशी जुलाब सुरू झाले, पुन्हा पुन्हा शौचाला लागल्यासारखे वाटायचे आणि थोडी शेंबासारखी आव पडायची. मावशींना वाटले, दवाखान्यातल्या जेवणाने पोट बिघडले. त्यांनी दहीभात दिला. ताप नव्हता, कारण काका दुखते म्हणून दिवसातून चार वेळा अकामोल घेत होते. नवव्या दिवशी त्यांनी नातवाला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. तेव्हा मुलगी घाबरली आणि त्यांना मियूनमध्ये घेऊन गेली. सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटात पूचे मोठे गळू निघाले. पुन्हा पोट उघडावे लागले नाही. स्कॅनवर बघत कातडीतून नळी घालून पू काढला आणि शिरेतून अँटिबायोटिक दिले. पण दोन आठवडे दवाखान्यात गेले, आणि काका पूर्वीसारखे चालायला लागायला दोन महिने. घरी जाताना मिळालेल्या कागदावर ही सगळी लक्षणे लिहिलेली होती. चौथ्या पानावर, हिब्रूत. काकांना हिब्रू बोलता येते, वाचता येत नाही.

त्या जुलाबांचा अर्थ कळायला हवा होता. आतले गळू बऱ्याचदा ओटीपोटात, गुदाशयाला लागून बसते. ते आतड्याला डिवचते म्हणून पातळ शौच, आव, कुंथावेसे वाटणे. मूत्राशयाला डिवचले तर घडीघडी लघवी. गळू वर, छातीच्या पडद्याखाली झाले तर न थांबणारी उचकी किंवा उजव्या खांद्यात कळ. खांद्याचे मात्र नीट ऐका. दुर्बिणीनंतर पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखणे सामान्य आहे, कारण पोटात भरलेल्या वायूने पडदा डिवचला जातो. ते दुखणे दिवसागणिक कमी होते. बरे होऊन परत आले, किंवा सोबत ताप अथवा धाप असली, तर वाट बघू नका.

मुद्दा तोच. बरे होणारा माणूस रोज कालच्यापेक्षा थोडा बरा असतो. चार दिवस बरे वाटून पाचव्या दिवशी जेवण नकोसे झाले, पोट फुगले, हुडहुडी भरली, तर बाहेरची भोके कितीही सुंदर सुकली असोत, आत काहीतरी चालले आहे असेच धरून चाला. आणि आपल्या वयात ताप येईलच असे नाही. सत्तरीच्या पुढे शरीर ताप काढायलाही आळस करते. माणूस नुसता मलूल होतो, अंथरुणातून उठत नाही, असंबद्ध बोलतो. अशा बोलण्याला "वय झाले" म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

अकामोल, ऑप्टालगिन या गोळ्या आपल्या प्रत्येक घरात असतात. डॉक्टरांनी दिल्या तर जरूर घ्या, दुखणे सोसून कोणाला बक्षीस मिळत नाही. पण दोन्ही गोळ्या ताप उतरवतात. म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. 38 अंश, म्हणजे मुंबईच्या आपल्या जुन्या थर्मामीटरवर 100.4, झाला की फोन करायचा. कुपत-खोलीमच्या नर्सचा फोन रात्रीही लागतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला फार्मसीतल्या मुलीचा सल्ला पुरत नाही.

आता ऑपरेशनच्या आधीचे. पू कुठे आणि किती होणार, हे ठरवण्यात चिरण्यापेक्षा आणि भोकांपेक्षा अपेंडिक्स फुटण्याआधी टेबलावर पोहोचलात की नाही याचा वाटा मोठा आहे. म्हाताऱ्यांची अपेंडिक्स तरुणांपेक्षा जास्त फुटलेली सापडतात. याचे एक कारण शरीर: आपले दुखणे पुस्तकातल्यासारखे बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली जात नाही, नुसते पोट जड वाटते. दुसरे कारण आपण स्वतः. ओवा चावून बघतो, हिंग लावून बघतो, गरम पाण्याची पिशवी धरतो, आणि काही घरांत अजून एरंडेल दिले जाते. ओव्याने बिघडत नाही, फक्त वेळ जातो. पण पोट दुखत असताना एरंडेल किंवा जुलाबाचे कुठलेही औषध देऊ नका. सुजलेली नळी त्याने फुटू शकते.

आणि शब्बाथ. "शब्बाथ निघू दे, मग बघू" हे मी वॉर्डात इतक्या वेळा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. शुक्रवारी संध्याकाळी दुखायला लागलेले पोट शनिवारी रात्री मियूनमध्ये येते. तोवर चोवीस तास होऊन गेलेले असतात. पिकुआख नेफेश, जीव वाचवणे, शब्बाथच्या वर आहे, यौम किप्पुरच्याही वर. हे मी सांगत नाही, कुठलाही रब्बी सांगेल. 101 ला फोन करा. माझे स्पष्ट मत आहे की या बाबतीत आपण धर्माच्या नावाखाली पुष्कळदा आपली भीतीच लपवतो.

राजेमहाराजांनीही हेच केले आहे. परळचे के.ई.एम. हॉस्पिटल ज्याच्या नावाने आहे तो सातवा एडवर्ड. जून 1902 मध्ये राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना त्याच्या अपेंडिक्सशी पूचे गळू झालेले होते. वय 60. पाहुणे जमले आहेत, समारंभ पुढे ढकलायचा नाही, असा त्याचा हट्ट. शेवटी सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने राजवाड्यातच टेबल मांडून पोट उघडले आणि पू काढला. अपेंडिक्स तसेच ठेवले. राजा वाचला आणि ऑगस्टमध्ये अभिषेक झाला. त्या काळी तेवढ्या वयात हे मोठे नशीबच होते. के.ई.एम.च्या ओपीडीत रांग लावलेल्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे!

तर दुर्बीण की चीर? माझ्यावर वेळ आली तर मी दुर्बीणच मागेन. लहान जखम म्हणजे लवकर उठणे-चालणे, आणि आपल्या वयात अंथरुणात पडून राहण्याने न्यूमोनिया आणि पायात रक्ताच्या गाठी होतात, त्यांची भीती मला जास्त वाटते. मधुमेही, जाड माणसाला तर जखम न चिघळण्याचा फायदा मोठा आहे. पण हृदय किंवा फुफ्फुस फार कमजोर असेल तर पोटात वायू भरणे झेपेल का, हे भूलतज्ज्ञ ठरवेल. त्याचे ऐका. आणि दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच चिरून पूर्ण करावे लागले तर "डॉक्टरला जमले नाही" असे म्हणू नका. आत चिकटलेले, फुटलेले दिसले तर वेळेवर चीर घेणारा सर्जन शहाणा. सहीच्या कागदावर ही शक्यता लिहिलेलीच असते. अँटिबायोटिकवरच भागवण्याचा मार्गही आहे, पण त्यात पुष्कळांचे दुखणे उलटते. शिवाय आपल्या वयात अपेंडिक्सच्या आड कधी आतड्याची गाठ लपलेली असते, म्हणून ऑपरेशन टाळले तर पुढची तपासणी टाळू नका.

दवाखान्यात जाताना औषधांची यादी जवळ असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी, कुमादिन असो की एलिक्विस, पहिल्या पाच मिनिटांत सांगायची, कोणी विचारायची वाट न बघता. साखर किती राहते तेही सांगा. ऑपरेशनच्या दिवसांत साखर काबूत असेल तर जखम भरायला मदत होते.

आणि घरी सोडताना जो मिख्ताव शिखरूर देतात, तो घेऊन लगेच टॅक्सी बोलावू नका. खुर्चीत बसा आणि अखोतला म्हणा, हे मला वाचून दाखवा. अँटिबायोटिक आहे का, किती दिवस? साधे, न फुटलेले अपेंडिक्स असेल तर घरी अँटिबायोटिक सहसा देतच नाहीत, ऑपरेशनआधीचा एक डोस पुरतो, तेव्हा दिले नाही म्हणून भांडू नका. फुटलेले होते का, हे मात्र विचाराच, कारण फुटले असेल तर पुढचे दोन आठवडे जास्त जपायचे. कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो मोठ्या अक्षरात लिहून घ्या. नातवाला फोनवर घ्या, त्याला हिब्रूत ऐकू द्या आणि तुम्हाला मराठीत सांगू द्या. नातवाला मराठी येत नसेल, आणि हल्ली बहुतेकांच्या येत नाही, तर आपल्या मोआदोनमध्ये निवृत्त नर्सेस अजून आहेत. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ठरवले आहे की असे कागद घेऊन कोणी मंगळवारी सकाळी आले तर चहा पिता पिता ओळ न् ओळ मराठीत सांगायची. ऑपरेशननंतर एकटे राहणाऱ्यांना पहिले दहा दिवस रोज एक फोन करायचीही आमची तयारी आहे. फक्त नाव आणि ऑपरेशनची तारीख मोआदोनच्या वहीत लिहून जा.